दोनशे एकोणचाळीसने भागले असता

‘कौसल्या ही त्या वर्गातली अत्यंत चुणचुणीत मुलगी. परंतु अशिक्षित वडिलांनी गुरुजींचे ऐकले नाही, आणि एक गुणी विद्यार्थिनी उसाच्या फडात कायमची हरवली. गुरुजींनी शोधलेली सात एकांची मूळ संख्या मात्र आजही शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहे आणि नव्या पिढ्यांना प्रेरणा देत आहे.’

आमच्या जुन्या शाळेच्या स्मरणिकेतला हा मजकूर. लिहिणारे सुधाकरराव, शाळेचे आजचे मुख्याध्यापक आणि माझे एके काळचे विद्यार्थी. मजकुरातले गुरुजी म्हणजे मी. स्मरणिका टपालाने आली, चष्मा पुसून मी हा उतारा दोनदा वाचला आणि पत्नीला, मार्थाला, म्हणालो की यात एकच गोष्ट खरी आहे.

‘‘कोणती?’’

‘‘मुलगी चुणचुणीत होती, ही.’’

‘‘मग उरलेलं द्या सोडून. अहो, तुमचं कौतुकच केलंय ना त्यांनी? माणसं निंदेवरून भांडतात. कौतुकावरून भांडणारे तुम्ही पहिलेच.’’

मार्थाचे म्हणणे मला मान्य नाही. निंदेवरून भांडणे सोपे असते, कारण त्यात आपला फायदा असतो. मी आयुष्यभर भांडत आलो. तपासणीला येणाऱ्या साहेबांशी, क्रमिक पुस्तकातल्या चुकीच्या उत्तरांशी, घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांशी. प्रत्येक भांडणात मी बरोबर होतो असा माझा दावा आहे, आणि तो मी आजही मागे घेत नाही. एक भांडण मात्र असे आहे की ज्यात मी बरोबर नव्हतो, आणि नेमके तेच मी जिंकलो. सुधाकररावांची ही तीन वाक्ये म्हणजे माझ्या त्या विजयाची नोंद आहे. ती खोडणे मला भाग आहे.

शिवाय दिवस कार्तिकाचे आहेत. नगरजवळ केडगावच्या आमच्या गच्चीवरून पुण्याकडे जाणारा रस्ता दिसतो. दिवाळी सरली की त्या रस्त्याने ट्रॅक्टर जाऊ लागतात. एकेका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत गोधड्यांची गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, दावणीच्या दोरीने बांधलेल्या शेळ्या, पालथ्या टोपलीखाली कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसे. जिल्ह्याच्या कोरड्या भागातून ऊसतोडीला निघालेली. आता त्यांच्या हाती मोबाईल असतो, एखाद्या पेटीवर सौर दिवा ठेवलेला असतो. पण बायका तशाच पदराचे टोक दातांत धरून बसतात, आणि मुले तशीच मागच्या फळीला धरून उलटीकडे पाहत असतात, गाव जिकडे राहिले तिकडे. कोयते पोत्यात गुंडाळलेले असतात, तरी खड्डा आला की त्यांचा आवाज येतो. तो आवाज माझ्या चहात पडतो. मी कप खाली ठेवतो.

असेच एकवीस चेहरे चाळीस वर्षांपूर्वी माझ्या हजेरीपटात होते. कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवर मी तेव्हा शिक्षक होतो. दिवाळीनंतर शाळा भरे ती निम्मी. मी नावे पुकारत जाई आणि उत्तरादाखल कौलांतल्या चिमण्या बोलत. ‘हंगामाला गेला’, ‘हंगामाला गेली’, असा शेरा लाल शाईने लिहिता लिहिता पानाचा अर्धा भाग लाल होई. बसायच्या तरटांवर त्या मुलांच्या बसण्याचे खळगे तसेच राहिलेले असत. उरलेली मुले त्या खळग्यांत बसत नसत, बाजूला सरकून बसत. कुणी तसे सांगितलेले नव्हते. अजून ती निम्मी शाळा रिकाम्या जात्यासारखी माझ्या कानांत घरघरते.

सहा महिन्यांनी मुले परतत ती पाढे विसरून. म्हणून मी एक रीत घातली. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक चिठ्ठी देई. चिठ्ठीवर एक मोठा आकडा आणि खाली काही भाजक. फडावर, पाचटाच्या कोपीत, बैलगाडीच्या सावलीत, जमेल तिथे आणि मिळेल त्या कागदावर भागाकार करायचे, आणि चैत्रात परत येताना बाक्या लिहून आणायच्या. मुले सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर, विडीच्या पुड्याच्या आतल्या बाजूला भागाकार करून आणत. ते कागद हाताला चिकट लागत आणि त्यांना उसाच्या रसाचा आंबूस वास येई. लोक म्हणतील, पोरांच्या डोक्यावर आधीच मोळ्या, त्यात हे ओझे कशाला? हे म्हणणारे लोक तेव्हाही होते. त्यांना मी उत्तर दिले होते की मोळी वाहून नेली की संपते.

त्या साली मी दिलेला आकडा होता अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सात एक, एका ओळीत.

या आकड्यावर माझे प्रेम होते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. एकांची ओळ वाढवत न्या, म्हणजे कळेल. तीन एक तीनने फुटतात. चार एक अकराने फुटतात. पाच एक दिसायला चिवट, पण एक्केचाळीसपुढे हार खातात. सहा एक तर मातीच्या ढेकळासारखे: तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, कुणीही यावे आणि फोडावे. आणि त्यांच्यापुढे एकच एक वाढवला की तेच पाचही जण हात हलवत परत जातात. पाचांपैकी प्रत्येकाला बाकी उरते ती बरोबर एक. न जास्त, न कमी. या आकड्याचा वर्ग केला की एक, दोन, तीन असे करत सातपर्यंत चढायचे आणि सहा, पाच, चार करत पुन्हा एकपर्यंत उतरायचे: १२३४५६७६५४३२१. वाडीवरची मुले शाळेच्या पायऱ्यांवर हा वर्ग पायांनी म्हणत. पारनेरकडच्या उघड्या टेकडीसारखा तो आकडा माझ्यापुढे उभा असे, आणि मला वाटे की हा फुटणारा नव्हे.

नुसते वाटून चालत नाही. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीही निःशेष भागू शकत नाही ती मूळ संख्या. आणि हे ठरवायचे तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. या आकड्याचे वर्गमूळ एक हजार चोपन्नच्या किंचित पुढे येते. तोवरच्या मूळ संख्या एकशे सत्त्याहत्तर. श्रावण-भाद्रपदात, शाळा सुटल्यावर ओसरीवर बसून, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मी एकशे सत्त्याहत्तर भागाकार केले. प्रत्येकाला बाकी उरली. शेवटच्या भागाकाराखाली मी दुहेरी रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केले की सात एकांचा आकडा मूळ आहे. मुलांनी त्याला नाव ठेवले, गुरुजींचा दगड.

मग सोपे सात भाजक वर्गातच निकालात काढून उरलेले मी एकवीस मुलांत वाटले. कुणी विचारील, उत्तर ठाऊक असताना वाटायचे कशाला? हात चालता राहावा म्हणून. आणि परत आल्यावर तपासायला माझी निळी वही होतीच. माझ्या साऱ्या पद्धतीची हीच गोम होती, आणि ती मला दिसली नाही. मी मुलांचे भागाकार तपासत नव्हतो. ते माझ्या वहीशी जुळतात की नाही एवढेच पाहत होतो.

कौसल्या भानुदासची मुलगी. सहावीत होती. चालताना मनात काहीतरी मोजत असल्यासारखी बोटे अंगठ्यावर टेकवत चालायची. तिच्या वाट्याला दोनशे तेवीसपासून दोनशे सत्तावन्नपर्यंतचे आठ भाजक आले होते. चैत्रात ती परतली तेव्हा ओठ उन्हाने फाटले होते आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या होत्या. तिने दिनदर्शिकेचे एक पान माझ्यापुढे ठेवले. दोनशे तेवीसला एकशे पंचवीस, बरोबर. दोनशे सत्तावीसला एकशे त्र्याहत्तर, बरोबर. मी वहीवर एक बोट आणि तिच्या कागदावर एक बोट ठेवून खाली उतरत गेलो. पाचव्या ओळीत दोनशे एकोणचाळीसपुढे शून्य होते, आणि शून्याभोवती तिने आणखी एक गोल काढला होता.

‘‘हे काय? बाकी शून्य?’’

‘‘व्हय गुरुजी. उरतच न्हाई काय.’’

‘‘पुन्हा कर.’’

‘‘तीनदा केला. एकदा तर आईम्होरं केला.’’

‘‘आईला काय कळतं भागाकारातलं?’’

‘‘न्हाई कळत. पर ती म्हनली, काय उरलं न्हाई तर बरंच की, वाटून घेताना भांडन न्हाई.’’

वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने हसला तो सुधाकर. तो हंगामाला जाणाऱ्यांतला नव्हता. मी निळी वही उलटी करून तिच्यापुढे धरली. ‘‘वाच. इथे काय लिहिलं आहे?’’

‘‘शंभर.’’

‘‘मग?’’

तिने वहीकडे पाहिले, आपल्या कागदाकडे पाहिले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘मंग गुरुजी, तुमीच येकदा परत करून बगा की.’’

हसणे थांबले. त्या शांततेत मला चिमण्या ऐकू आल्या, आणि वाटले की त्याही माझ्या उत्तराची वाट पाहत आहेत. शाळेत उद्धटपणा मी खपवून घेत नसे. आज मला कळते की तो उद्धटपणा नव्हता. गणित येणारे माणूस दुसऱ्या गणित येणाऱ्या माणसाशी जसे बोलते, तसे ती बोलली होती. त्या वाडीवर माझ्याशी तसे बोलणारे पहिलेच माणूस. ‘‘मी केलेलं मला परत करावं लागत नाही,’’ मी म्हणालो, आणि तिच्या शून्यावर लाल शाईने फुली मारली. फुली अशी दाबून मारली की ती कागदाच्या मागून उमटली.

हे सुधाकरराव आज विसरले आहेत. ‘गुरुजींचे ऐकले नाही’ असे ते लिहितात. आता भानुदासने काय केले ते सांगतो, कारण तिथे मी आणि तो, दोघेच होतो, आणि तो आता नाही.

वैशाखात एका संध्याकाळी तो शाळेच्या ओट्याशी आला. वर बस म्हटले तरी बसला नाही. खाली उकिडवा बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘‘गुरुजी, येक इचारायचं हुतं. कौशी म्हनती, म्होरं शिकते. मिरजगावात तिची मावशी हाय, तिच्याकडं ठिवू म्हनतो. तिची आई म्हनती, फडावर हात कमी पडतोय, पोरगी न्या. माझं काय डोकं चालंना. तुमी सांगा. पोरीला डोकं हाय का? तुमी व्हय म्हनला तर ठिवतो. तुमी न्हाई म्हनला तर नेतो.’’

वाडीवरचा शब्दही न वाचता येणारा माणूस माझ्या दारात येऊन आपल्या मुलीचे आयुष्य माझ्यापुढे ठेवून म्हणत होता, तुमी सांगा. यापेक्षा जास्त ऐकणे म्हणजे काय असते, हे सुधाकररावांनी मला समजावून द्यावे.

माझ्या डोळ्यांपुढे ते शून्य होते, आणि त्याभोवतीचा तो गोल. मी म्हणालो, ‘‘बेताची आहे.’’

दोन शब्द. भानुदासने टोपी डोक्यावर ठेवली, सारखी केली. ‘‘बरं झालं इचारलं,’’ म्हणाला. ‘‘न्हाईतर उगा येड्यावानी ठिवून बसलो असतो.’’ उठताना त्याने माझ्या पायांकडे हात नेला. मी पाय मागे घेतले नाहीत.

त्या कार्तिकात ट्रॉलीच्या मागच्या फळीला धरून कौसल्या उलटीकडे पाहत बसली होती की नाही, हे मला ठाऊक नाही. मी शाळेतून बाहेर आलो नाही. हजेरीपटात लिहिले, ‘हंगामाला गेली’. पुढच्या चैत्रात तो शेरा बदलायची वेळ आली नाही.

पुढची दहा वर्षे हा आकडा माझ्याबरोबर फिरला. बदलीच्या प्रत्येक शाळेत मी तो फळ्यावर लिहिला. मग नगरला उन्हाळ्यात शिक्षकांचे एक प्रशिक्षण झाले. शिकवायला एक तरुण बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि सात एक लिहिले. मी मागच्या बाकावरून उभा राहिलो. ‘‘ही मूळ संख्या आहे.’’

‘‘करून बघू या ना, सर,’’ त्या हसून म्हणाल्या. त्यांनी चार ओळींत दाखवले की सात एकांना जी मूळ संख्या भागेल, तिला चौदाने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे; इतर कुणाला तिथे प्रवेशच नाही. एकशे सत्त्याहत्तरांचे दार एवढे अरुंद झाले. दोनशे चाळीसच्या आत अशा संख्या फक्त आठ. चहाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले, मी बाकावर बसून आठ भागाकार केले. एकोणतीसला पाच उरले. त्रेचाळीसला चौतीस. एकाहत्तरला बत्तीस. एकशे तेराला पंच्याण्णव, एकशे सत्तावीसला एकशे पंधरा, एकशे सत्त्याण्णवला एकतीस, दोनशे अकराला एकशे शहाण्णव. आठवी संख्या दोनशे एकोणचाळीस होती. ती लिहितानाच माझ्या नाकात उसाच्या रसाचा आंबूस वास आला. बाहेर कपबश्या वाजत होत्या. उरले काहीच नाही.

घरी येऊन मी निळी वही काढली. कौसल्येचे पान मी त्यातच ठेवले होते. का ठेवले होते हे मला सांगता येत नाही. चूक सापडायला अर्धे मिनिटही लागले नाही. अकराशे एकाहत्तरमधून नऊशे छप्पन वजा करताना दशकाच्या घरातल्या साताने एककाला एक उसना दिला होता, म्हणजे तो सहा झाला होता. मी तो सातच धरला. दोनशे पंधराच्या जागी दोनशे पंचवीस लिहिले. तिथून पुढे सगळे बरोबर, आणि शेवटी शंभर उरले. ज्या चुकीसाठी मी तिसरीच्या मुलांना ओणवे उभे करत असे, ती चूक.

हे तीस वर्षांपूर्वीचे. तीस वर्षे मी गप्प राहिलो, हेही लिहिले पाहिजे, कारण दुसऱ्याचा मजकूर खोडायचा आणि आपला अर्धा ठेवायचा, हा न्याय नव्हे. मी स्वतःला कारणे दिली. ती आता संसारात रमली असेल. वाडी लांब आहे. एका भागाकाराने काय होते? मी ख्रिस्ती माणूस. चूक कबूल कशी करावी हे मला लहानपणीच शिकवले गेले, आणि देवापुढे मी ती अनेकदा कबूलही केली. त्यामुळेच मला ठाऊक आहे की ते किती सोपे आहे. देवाला भागाकार आधीच येत असतो. ज्याला चुकीचे उत्तर दिले त्याला जाऊन बरोबर उत्तर देणे, हे अवघड.

स्मरणिका वाचून मी सुधाकररावांना फोन लावला.

‘‘गुरुजी, किती प्रेमाने लिहिलंय मी,’’ ते म्हणाले.

‘‘प्रेमाने चुकीचं लिहिलंत. भानुदासने माझं ऐकलं होतं. आणि तो आकडा मूळ नाही. भिंतीवरून पुसा.’’

‘‘असं कसं? तुम्हीच तर शिकवलंत.’’

‘‘भागून बघा.’’

‘‘गुरुजी, या वयात असं होतं माणसाला. जुन्या गोष्टी मनाला लागतात. एका भागाकारावरून का कुणाचं आयुष्य ठरतं? त्यांच्यात तशीही मुलींची लग्नं लवकरच व्हायची. कशाला उकरता? आकडा मूळ असला काय, नसला काय, चाळीस वर्षांत कुणी तपासलाय?’’

‘‘एकीने तपासला होता,’’ मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मार्था म्हणाली, ‘‘फोनवर ओरडून काय होणार? जायचं असेल तर तिच्याकडे जा. आणि जाणार असाल तर आत्ता जा, गाड्या निघाल्यात.’’ या एका बाबतीत ती बरोबर होती.

सकाळच्या एसटीने कर्जत आणि तिथून जीपने मी वाडीवर गेलो. कौसल्येच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले, आणि कुणी काय कुठे चढवायचे हे सगळ्यांना सांगत उभी. बोटे अंगठ्यावर टेकत होती. ‘‘गोधड्या अकरा झाल्या, घागरी चार, येक पेटी ऱ्हायली बग आत,’’ ती म्हणत होती. मला तिने लगेच ओळखले. ‘‘गुरुजी? ह्या उन्हाचं? बसा, ह्या पेटीवर बसा. ए, पानी आन गुरुजींना.’’

पाणी पिऊन झाल्यावर मी निळी वही उघडली. ‘‘कौसल्या, तुझा भागाकार बरोबर होता.’’

‘‘कंचा भागाकार?’’

मी तिचे पान तिच्या हाती दिले. तिने ते हातभर लांब धरून पाहिले. ‘‘भागाकाराचं न्हाई ध्यानात, गुरुजी. आबा घरी येऊन म्हनले तेवढं ध्यानात हाय. गुरुजी म्हनत्यात, बेताची हाय. मंग काय, गेलो.’’ ती हे रागाने म्हणाली नाही. मागच्या वर्षी पाऊस कमी झाला हे जसे सांगावे तसे सांगितले. ‘‘माझ्या दोनी पोरींना बी म्या त्येच सांगितलं. आपल्यात डोकं न्हाई बायांनो, हात चालवा.’’

मी वही मिटायला गेलो. ती मात्र आता माझ्या वहीकडे पाहत होती, आणि तिचे बोट एका ओळीवर थांबले होते.

‘‘आन् हे काय? अकराशे येकाहत्तरातनं नऊशे छप्पन गेल्यावर दोनशे पंधरा ऱ्हात्यात. पंचवीस कुनी लिवलं?’’

‘‘मी.’’

‘‘तुमी?’’ ती हसली, मोकळी, चाळीस वर्षांपूर्वी वर्ग हसला होता तशी. मग हसू मध्येच थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. ‘‘कवा कळलं तुमाला?’’

‘‘तीस वर्षं झाली.’’

ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. ‘‘मावशे, मुहूर्त बगाया लागली का काय? चल की!’’

‘‘तीस वर्सं,’’ ती म्हणाली. ‘‘माझी थोरली तवा दुसरीत हुती.’’

एवढेच म्हणाली. दिनदर्शिकेच्या पानाची घडी तिने घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. वही मला परत दिली. ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि वरून म्हणाली, ‘‘माझं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. पर त्या पुस्तकात आबांवर घातलंय म्हनं. नातीनं मोबाईलवर वाचून दावलं. आबांचं नाव तेवढं काडा त्यातनं. त्यांनी इचारलं हुतं की वो तुमाला.’’

धूळ बसेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग शाळेकडे गेलो. पिवळ्या भिंतीवर निळ्या रंगात सात एक रंगवलेले आहेत, प्रत्येक एक माझ्याएवढा उंच, आणि खाली माझे नाव. शाळेला सुट्टी होती. खिशात खडू होता. निवृत्तीनंतरही तो माझ्या खिशात असतो. मी त्या ओळीखाली बरोबर उत्तर लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी ते पुसायला लावले असे कळले. म्हणून इथे लिहितो आहे. इथले पुसता येणार नाही.

सुधाकररावांच्या मते हा वयाचा परिणाम आहे. वाडीच्या मते भानुदास हट्टी होता. कौसल्येच्या मते तिचे राहू द्यावे. या तिघांशीही माझे भांडण आहे, आणि तिसरे मी कधीच जिंकणार नाही हे मला ठाऊक आहे. पुरावा म्हणून आता माझ्यापाशी माझी चुकीची वही तेवढी उरली आहे. बरोबर कागद त्याच्या मालकिणीबरोबर फडावर गेला. तेव्हा भानुदासने ऐकले नाही असे ज्याला अजूनही म्हणायचे असेल, त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये. एका माणसाने तो ठेवला होता. शंका असणाऱ्याने कागद घ्यावा, हातचे नीट धरावेत आणि स्वतः गुणून पाहावे.

दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास, बरोबर अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.